सगळ्यात स्वस्त ताज कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणार पुण्यात. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. दोघांना दोन रात्री 'ताज'मध्ये ठेवायचंय, आणि नाव ताजचंच हवं, कारण बाबांची ती जुनी हौस. खोलीसाठी सगळं मिळून १८ हजार. तर देशातलं सगळ्यात स्वस्त ताज कुठलं, आणि ते शोधायचं कसं?

एका हॉटेलचं नाव सांगून मोकळं होता येत नाही. जे ताज मंगळवारी महाग असतं तेच रविवारी त्या साखळीतलं सर्वांत स्वस्त ठरू शकतं. 'स्वस्त ताज' ही जागा आणि वार यांची जोडी असते. ती जोडी शोधायची रीत आहे, पण त्याआधी करांचा हिशेब करून घ्या, कारण तुमचा आकडा नेमका अडचणीच्या जागी येऊन बसलाय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीवर जीएसटी असा लागतो: एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर एक रुपया जरी गेला तरी पूर्ण रकमेवर १८ टक्के. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते. ७,५०१ ची पडते ८,८५१ ला. म्हणजे एका रुपयासाठी ९७६ रुपये जास्त. तुमच्या बजेटमध्ये रात्रीला करासकट ९,००० येतात. १८ टक्क्यांनी मागे गेलात तर मूळ भाडं ७,६२७ निघतं. थोडक्यात, एकतर ७,५०० च्या आतली खोली मिळवायची, नाहीतर ७,५०१ ते ७,६२७ या चिंचोळ्या पट्टीत बसणारी. अशी पट्टी गाठणं म्हणजे नशिबाचा भाग.

हा कर हॉटेल किती तारांकित आहे यावर ठरत नाही, त्या रात्री प्रत्यक्ष किती भाडं आकारलं यावर ठरतो. एकाच मुक्कामात शनिवारची रात्र ८,४०० ची आणि रविवारची ७,३०० ची असेल, तर दोन रात्रींना दोन वेगळे दर लागतात. बुकिंगच्या पानावर सरासरी दिसते, तिच्यावर जाऊ नका. रात्रवार फोड उघडून पाहा.

इथेच नाश्त्याची गोम आहे. ट्रॅव्हलवाले ज्याला ईपी म्हणतात ती नुसती खोली, सीपी म्हणजे खोली अधिक नाश्ता, एमएपीमध्ये त्यावर एक जेवण, एपीमध्ये तिन्ही वेळचं खाणं. पॅकेजमधला नाश्ता खोलीच्याच भाड्यात धरला जातो आणि त्यावर खोलीचाच कर लागतो. समजा ईपी ७,२०० आणि सीपी ८,२०० आहे. दिसायला फरक हजाराचा. पण ७,२०० वर ५ टक्के धरून ७,५६० होतात आणि ८,२०० वर १८ टक्के धरून ९,६७६. दोघांच्या नाश्त्याचे खरे पैसे २,११६ झाले. त्या पैशात आई-बाबा बाहेर चार दिवस नाश्ता करतील. उलट खोली मुळातच १२ हजारांची असेल तर दोन्हींवर १८ टक्केच आहेत, मग हजार रुपयांत दोघांचा बुफे घ्यायला काही हरकत नाही. नियम एवढाच की भाडं ७,५०० च्या जवळपास असेल तेव्हा ईपी आणि सीपी दोन्हींची करासकट बेरीज मांडल्याशिवाय बटण दाबू नका.

आता नावाकडे. ताजची मालक कंपनी इंडियन हॉटेल्स, टाटांची, मुंबईचं मूळ हॉटेल १९०३ सालचं. या कंपनीची सगळी हॉटेलं 'ताज' नसतात. ताज, सिलेक्शन्स, विवांता, गेटवे आणि जिंजर अशा तिच्या पायऱ्या आहेत. पुण्यातलं कोरेगाव पार्कचं ब्लू डायमंड आणि मुंबईत कफ परेडचं प्रेसिडेंट ही सिलेक्शन्सची, हिंजवडीचं विवांता, नाशिकचं अंबडचं गेटवे. चांगली आहेत, पण पाटीवर ताज नाही. बाबांना पाटी हवी असेल तर हे पर्याय आधीच बाजूला काढा. पाटीचा हट्ट सोडलात तर ७,५०० च्या आतलं भाडं याच पायऱ्यांवर सापडण्याची शक्यता जास्त, शनिवार-रविवारी तर हमखास बघण्यासारखं.

दुसरा सापळा उलट्या बाजूचा. बुकिंगच्या ॲपवर नुसतं 'ताज' टाकलंत की आग्र्याच्या गल्ल्यांतली डझनभर लॉज वर येतात, कारण तिथे दर तिसऱ्या पाटीवर ताज हा शब्द आहे. त्यांचा या साखळीशी संबंध नाही. म्हणून यादी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढायची. ब्रँडच्या चाळणीत फक्त 'ताज' ठेवायचं आणि शहर न टाकता सगळी नावं उतरवून घ्यायची. हे काम तासाभराचं आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात. थेट 'गोवा' टाकून शोधायला लागतात आणि मग ताज परवडत नाही म्हणतात.

यादी हातात आली की काट मारायला सुरुवात. उदयपूरचं लेक पॅलेस, जयपूरचं रामबाग, हैदराबादचं फलकनुमा, जोधपूरचं उमेद भवन: बजेटच्या चर्चेत यांचं नावही नको. जंगलातली ताज सफारीची लॉज कापा. नागपूरकरांना पेंचचं बाघवन घराजवळ वाटतं, पण तिथे जेवणखाणासकट भाव लागतो आणि तो शहरी ताजच्या कितीतरी वर असतो. अंदमान, ऋषिकेश, गोव्यातलं बाणवलीचं एक्झॉटिका हेही सध्या बाजूला. आता जी उरतात ती मुख्यतः शहरातली, कामाच्या माणसांसाठी चालणारी हॉटेलं: चंदीगड, हैदराबादचं डेक्कन, चेन्नईचं क्लब हाउस, बंगळुरूचं यशवंतपूर, मुंबईत सांताक्रूझ, तिरुपती, वाराणसीचं गँजेस अशी. तुमचं उत्तर बहुधा या टोपलीत आहे.

या हॉटेलांचं गिऱ्हाईक म्हणजे कंपनीच्या खर्चाने आलेला माणूस. तो सोमवारी येतो आणि गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी जातो. शुक्रवार रात्रीपासून खोल्या रिकाम्या पडतात आणि भाव उतरतो. रविवारची रात्र सहसा सगळ्यात खाली. समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या रिसॉर्टांचं गणित बरोब्बर उलटं, तिथे सोमवार ते बुधवार स्वस्त. म्हणजे शनिवार-रविवार मोकळे असतील तर शहरातलं ताज, आणि निवृत्त आई-बाबांना आठवड्याच्या मधले दिवस चालत असतील तर रिसॉर्टचं ताज. तुमच्या बाबतीत जाणारी माणसं बहुधा वारांना बांधलेली नाहीत. हा तुमच्याकडचा हुकमाचा पत्ता आहे, आणि लग्नाच्या ४० व्या वाढदिवसाची नेमकी तारीख धरून बसलात तर तो वाया जाईल. पुढचा-मागचा आठवडा धरा.

दुसरं साधन भिंतीवर टांगलेलं आहे: दिनदर्शिका. लग्नाचे मुहूर्त पाहून घ्या. अलीकडे लग्नाचा पक्ष अख्खं हॉटेल उचलतो, आणि मग उरलेल्या पाच-दहा खोल्यांचा भाव आभाळाला टेकतो. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात, पितृपक्षात आणि अधिक मासातही मंगलकार्यं थांबतात, उत्तरेत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास पाळतात. अशा दिवसांत लग्नांवर चालणारी हॉटेलं मऊ पडतात. अपवाद लक्षात ठेवा: खरमास असला तरी नाताळ आणि ३१ डिसेंबरला सगळीकडे आग लागलेली असते, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुजराती कुटुंबं सुट्टीवर निघतात तेव्हा उदयपूर आणि गोवा भरून जातं. वाराणसीचं गँजेस कडक उन्हाळ्यात उतरतं, पण देवदिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, तिकडे फिरकू नका. बंगळुरूत येलहंक्याला एअरो इंडिया भरतं, विषम वर्षाच्या फेब्रुवारीत, तेव्हा विमानतळाकडच्या खोल्या मिळणं कठीण. आणि नाशिककडे डोळा असेल तर २०२७ चा सिंहस्थ ध्यानात घ्या.

प्रत्यक्ष शोधताना एक तक्ता करा. वही चालेल, शीट असेल तर बरं. उरलेली पंधरा-वीस हॉटेलं उभी लिहा. आडवे रकाने असे: साधारण मंगळवारचं भाडं, साधारण रविवारचं भाडं, तुमच्या तारखांचं भाडं, करासकट दोन रात्री, स्टेशन किंवा विमानतळापासून टॅक्सी, रद्द करायची शेवटची तारीख. पहिले दोन रकाने कशाला, तर तुमच्या तारखांचा भाव नेहमीचा आहे की फुगलेला हे त्यांच्याशिवाय कळत नाही. रविवारी नेहमी नऊ हजारांना मिळणारी खोली तुमच्या रविवारी चौदा हजारांना दिसली तर शहरात काहीतरी आहे: परीक्षा, अधिवेशन, सामना, लग्न. तारीख आठवडाभर सरकवली की बहुतेक वेळा सुटते.

भाव गोळा करायला गूगलचा हॉटेल शोध पुरतो. ब्रँडची चाळणी लावा, नकाशा दूर न्या आणि कॅलेंडर उघडून महिनाभराचे भाव एका नजरेत पाहा. फक्त एक सेटिंग तपासा, दाखवलेला भाव करासकट आहे का. करांविना भाव दाखवणारं ॲप नेहमी स्वस्तच वाटतं. तिथून दोन-तीन नावं हेरली की अंतिम भाव कंपनीच्या संकेतस्थळावर सदस्य म्हणून लॉगिन करून पाहायचा. नोंदणी फुकट आहे, सदस्यांना वेगळा भाव दिसू शकतो, आणि थेट बुकिंगवर न्यूकॉइन, म्हणजे टाटांचे बक्षिसाचे पॉइंट, जमा होतात. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. बाहेरच्या ॲपवरून केलेल्या बुकिंगवर हे सहसा मिळत नाहीत. म्हणजे ॲपवर बँकेच्या कार्डाची सूट पाच-सातशेची असेल तर दोन्ही बाजू मांडून बघा. ताजची गिफ्ट कार्डंही मिळतात. तुमच्या बँकेच्या पोर्टलवर त्यांवर जादा पॉइंट किंवा सूट असेल तर बिल त्यांनी भरता येतं. पण कार्ड घेण्याआधी ते कुठल्या हॉटेलात आणि कशासाठी चालतं, मुदत किती, हे वाचा. बुकिंग रद्द झालं तर पैसे पुन्हा कार्डावरच अडकतात.

रद्द करता येणारा दर घ्यायचा की न येणारा? न येणारा थोडा स्वस्त असतो, आणि लोक त्याला भुलतात. माझं मत स्पष्ट आहे: जाणारी माणसं साठीच्या पुढची असतील तर रद्द करता येणारा घ्या. तब्येतीचा भरवसा नसतो हे एक कारण. दुसरं असं की भाव वरखाली होतच राहतो. आज बुक करा, मग मुक्कामाच्या एक महिना आधी, दहा दिवस आधी आणि रद्द करायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी असे तीनदा पुन्हा तपासा. उतरला असेल तर नवं बुकिंग आधी करा, ते पक्कं झाल्याची मेल हातात आली की मगच जुनं रद्द करा. क्रम उलटा केलात आणि मधल्या पाच मिनिटांत शेवटची खोली गेली, तर हळहळण्याशिवाय काही उरत नाही. शहरातल्या हॉटेलांत शनिवार-रविवारचा भाव कधीकधी त्याच आठवड्यात उतरतो. रिसॉर्टमध्ये लागून सुट्ट्या आल्या असतील तर थांबण्यात शहाणपण नाही, तिथे भाव चढतच जातो.

एकाच शहरात तीन-चार ताज असली की एक युक्ती चालते: गाव तेच आणि पाटीही ताजचीच, पण मुक्काम नावाजलेलं महागडं हॉटेल सोडून दुसऱ्यात. जयपुरात रामबाग सोडून आमेर, उदयपुरात लेक पॅलेस सोडून अरवली. मात्र अरवली गावाबाहेर डोंगराच्या कुशीत आहे आणि आमेर दिल्लीच्या हमरस्त्याला. रोज दोनदा गावात यायचं तर टॅक्सीचे हजार-दीड हजार सहज जातील, म्हणूनच तक्त्यात तो रकाना ठेवलाय. हैदराबादला हा त्रास नाही. कृष्णा आणि डेक्कन दोन्ही बंजारा हिल्सच्या एकाच रस्त्यावर आहेत, दोन्हींचा भाव एकदम बघा आणि कमी असेल ते घ्या. वाराणसीत नदेसर पॅलेस आणि गँजेस तर शेजारी-शेजारी, पण भावात जमीन-अस्मान. मुंबईत खुद्द गेटवे ऑफ इंडियासमोरच्या ताजमध्येही जुन्या वाड्याच्या भागापेक्षा टॉवरच्या खोल्या स्वस्त असतात. लॉबी तीच, दारवान तोच.

दुसऱ्या साखळ्यांतही हेच सूत्र लावता येतं. नरिमन पॉइंटला ओबेरॉय आणि ट्रायडेंट एकमेकांना चिकटून आहेत, कंपनी एक, भाव दोन. आयटीसीच्या साखळीत वेलकमहॉटेल ही तशीच खालची पायरी.

राजवाड्याची हौस असेल तर माझी शिफारस ग्वाल्हेर. तिथलं ताज उषाकिरण पॅलेस शिंद्यांचं, जयविलासच्या शेजारी. खरा जुना वाडा, पण ग्वाल्हेरला उदयपूरसारखी पर्यटकांची रीघ नाही आणि कंपनीवालेही फारसे नाहीत, त्यामुळे राजवाड्यांच्या यादीत हे सहसा सगळ्यात खाली असतं, कित्येकदा लेक पॅलेसच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जाते, मुंबईहून पंजाब मेल. ग्वाल्हेरला उन्हाळा असह्य असतो, मे-जूनमध्ये भाव पाहून हुरळू नका. पावसाळा संपता संपता, नवरात्राच्या आधी, हवा आणि भाव दोन्ही बरे असतात. ७,६२७ मध्ये बसेल अशी आशा मात्र धरू नका.

आणि हाच मुद्दा तुमच्या बजेटचा. १८ हजार दोन रात्रींत वाटण्याऐवजी एका रात्रीला लावलेत तर मूळ भाडं १५,२५४ पर्यंत जातं. तेवढ्यात आधीच्या टोपलीतलं जवळजवळ प्रत्येक शहरी ताज बऱ्याच रविवारी येतं, पावसाळ्यात गोव्यात सिंकेरीचं हॉलिडे व्हिलेज किंवा शेजारचं फोर्ट आग्वाद आठवड्याच्या मधल्या दिवशी येण्याची शक्यता असते, आणि उषाकिरणही. ४० वर्षांच्या संसारानंतर विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन रात्री काढण्यापेक्षा वाड्यात एक रात्र बरी, असं मला वाटतं. दोन रात्री हव्याच असतील तर पहिली ताजमध्ये आणि दुसरी विवांता किंवा तशाच हॉटेलात. क्रम उलटा असला तर जास्त छान, शेवट गोड होतो.

गोव्याचा पावसाळा स्वस्त का, हेही माहीत असू द्या. शॅक उठलेले असतात, समुद्रात उतरायला जीवरक्षक मनाई करतात, समुद्रातल्या होडीच्या सहली बंद असतात, आणि हॉटेलं दुरुस्तीची कामं याच महिन्यांत काढतात. बुक करण्याआधी फोन करून विचारा: तरणतलाव चालू आहे का, कुठलं रेस्टॉरंट बंद आहे, खोलीच्या शेजारी काम चाललंय का. ज्यांना गॅलरीत बसून पाऊस बघायचाय त्यांच्यासाठी यासारखी वेळ नाही. उलट २० डिसेंबर ते ५ जानेवारीमध्ये कितीही चांगला भाव दिसला तरी अटी वाचा. किमान मुक्काम आणि सक्तीचं गाला डिनर ही दोन कलमं खाली बारीक अक्षरांत असू शकतात, आणि त्या जेवणाचं माणशी बिल खोलीच्या जवळ जातं.

खोलीबाहेरच्या खर्चाचा अंदाजही धरा. एवढ्या मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर बहुतेक ठिकाणी १८ टक्केच जीएसटी असतो, बाहेरच्यासारखा ५ नाही. मिनीबार, कपडे धुणं, विमानतळाची गाडी यांना हात लावायचा नाही हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर भिडेपोटी 'हो' म्हणतील. प्रवेश बहुधा दुपारी २ ला आणि निघणं १२ ला. सकाळच्या गाडीने पोचत असतील तर लवकर खोली मिळेल का ते आधी विचारा, पण त्यावर विसंबू नका. सामान ठेवून घेतात.

मुक्कामाच्या तीन दिवस आधी हॉटेलला एक मेल टाका. लग्नाचा ४० वा वाढदिवस आहे हे लिहा. छोटा केक किंवा फुलं बरेचदा स्वतःहून करतात, पैसे लागणार का ते त्यातच विचारून घ्या. त्याहून महत्त्वाचं पुढे लिहा: जोड पलंग, लिफ्टजवळची खोली, आणि न्हाणीघरात टबऐवजी सपाट जमिनीचा शॉवर. जुन्या वास्तूंत सगळ्यात स्वस्त प्रकारच्या खोलीत उंच कडेचा टब असू शकतो, आणि त्यात चढून आंघोळ करणं सत्तरीच्या माणसाला जोखमीचं. तशी खोली त्या प्रकारात नसेल तर हजारभर रुपये वाढवून वरच्या प्रकारची घ्या. आधी वाचवलेले पैसे इथे खर्च झाले तरी चालतील.